ऊव्रे आणि गुंठे

आजोबांच्या जमिनीच्या वाटणीचं पुन्हा निघालंय, हे घरच्या मंडळींना माहीत आहेच. नेमकं त्याच दिवसांत मी फ्रान्समधल्या बर्गंडीविषयी वाचत होतो. वाचायला घेतलं वाईनसाठी, निघालं सातबाऱ्याचं प्रकरण!

बर्गंडीत जमिनीचं एक जुनं माप आहे, ऊव्रे. एक माणूस एका दिवसात जेवढ्या द्राक्षमळ्याचं काम उरकेल तेवढी जमीन. आपल्या हिशेबात साधारण सव्वाचार गुंठे. तिथे पुलिन्यी आणि शासान्य या दोन गावांच्या शिवेवर मोंराशे नावाचा मळा आहे (स्पेलिंगमध्ये मध्येच एक 'ट' आहे, तो खाऊन टाकायचा). पांढऱ्या वाईनमध्ये याहून मोठं नाव सापडणं कठीण. १८७९ मध्ये दोन्ही गावांनी ते आपापल्या नावाला जोडून घेतलं. मळा केवढा? जेमतेम २० एकर. आणि मालक दीड डझनाच्या आसपास.

क्रांतीनंतर चर्चच्या जमिनी जप्त होऊन लिलावात गेल्या. मग १८०४ मध्ये नेपोलियनचा दिवाणी कायदा आला. थोरला-धाकटा नाही, मुलगा-मुलगी नाही, सगळ्यांना सारखा वाटा. (आपल्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ उजाडलं, देशभर २००५.) न्याय झाला खरा, पण दर पिढीत वाटणी म्हणजे शेवटी एकेकाच्या हातात वेलींच्या चार ओळी.

पुलिन्यीच्या लफ्लेव्ह घराण्याची गोष्ट मला इथेच महत्त्वाची वाटली. जोसेफ लफ्लेव्ह हा पाणबुडीच्या कामातला इंजिनिअर. १९०५ मध्ये वाट्याला थोडीशीच जमीन आली. अमेरिकेतून आलेल्या किडीने वेलींची मुळं खाऊन मळे उजाड केले होते, त्यामुळे जमीन स्वस्त होती. पुढची वीस वर्षं तो ती घेत गेला आणि किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन मुळांवर कलमं बांधून वेली लावत गेला. १९५३ मध्ये तो वारला. मुलं चार. त्यांनी जमीन फोडली नाही. एकत्र कसली, पुढे घरचीच कंपनी केली. आता वारसांत वाटले जातात ते शेअर, वेली जागच्या जागी!

१९९० मध्ये कारभार नातीकडे आला. ॲन-क्लोद तिचं नाव, सुरुवातीला बरोबर चुलतभाऊ. तिने रसायनं बंद केली, गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायचं ते बायोडायनॅमिक तंत्र आणलं आणि १९९७ पर्यंत सगळा मळा त्यावर नेला. (शेणाचं कौतुक आपल्याला कुणी सांगायला नको, पण असो.) १९९१ मध्ये घराण्याने खुद्द मोंराशेत जमीन घेतली. किती? आठ गुंठे! वर्षाला एखादं पिंप, म्हणजे तीनशेच्या आसपास बाटल्या. २०१५ मध्ये ती गेली आणि जोसेफच्या पणतूने सूत्रं घेतली.

सगळीकडे असं गोड होत नाही. जमिनीचे भाव इतके चढलेत की वारसा कर भरतानाच घरं मोडकळीला येतात. बोनो द्यु मार्त्रे ही पांढऱ्या वाईनची जुनी घरंदाज इस्टेट २०१७ मध्ये स्टॅन क्रोंकी या अमेरिकन उद्योगपतीकडे गेली. कंपनी केली की भांडणं मिटतात असंही नाही.

पण आमची जमीन एकत्र राहिली ती कशी? आजोबा गेल्यावर तीन आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या म्हणून. चहा झाला, साडीचोळी झाली, तलाठ्याकडे फेरफार झाला. त्याला आम्ही इतकी वर्षं 'एकोपा' म्हणत आलो.

परवा थोरल्या आत्याला फोनवर ॲन-क्लोदचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे शेअर असता तर मला विहिरीवर कुणाला न विचारता जाता आलं असतं का रे?"

हो म्हणालो. दिवाळीत सगळे जमू तेव्हा हे सगळ्यांसमोर काढणार आहे. काका, तुम्ही ब्लॉग वाचता, म्हणून आधीच इथे लिहून ठेवलं.