पाव इंचाची कापाकापी

रेडिओच्या डबिंग रूममध्ये मी कामाला लागले तेव्हा एडिटिंग म्हणजे चुका काढणं, एवढीच माझी समजूत होती. वक्त्याचं खाकरणं काढा, दोनदा आलेलं वाक्य एकदा ठेवा, झालं. टेप पाव इंच रुंद, सेकंदाला साडेसात इंच धावणारी. दोन्ही स्पूल हातांनी मागेपुढे हलवायचे, हेडवरून शब्द घुरघुरत जायचा आणि तो जिथे सुरू होतो तिथे टेपच्या पाठीवर पेन्सिलीची खूण करायची. मग ब्लेड.

काप तिरका, 45 अंशांत. सरळ कापलं तर सांध्यावर 'टक्' वाजण्याची भीती. तिरक्या कापात एक आवाज सरेपर्यंत दुसरा चढलेला असतो. पाव इंचाचा तिरका काप, साडेसात इंचांचा वेग, म्हणजे ही अदलाबदल सेकंदाच्या तिसाव्या भागात उरकते. आज सॉफ्टवेअर क्लिपच्या टोकाला बारीकसा फेड लावतं, ते याचसाठी.

कापायची जागा मात्र कानच सांगायचा. 'प', 'क', 'ट' ही सोयीची अक्षरं. ती उच्चारण्याआधी तोंड क्षणभर बंद होतं आणि त्या शांततेत सांधा बेमालूम लपतो. 'पुणे' कापणं सोपं, 'आई' महाकठीण. वक्त्याचे श्वासही सगळे काढायचे नसतात, नाहीतर माणूस बोलतोय असं वाटतच नाही.

हे तंत्र आलं जर्मनीतून. दुसरं महायुद्ध संपल्यावर जॅक मुलिन या अमेरिकी सैन्यातल्या इंजिनिअरने तिथली मॅग्नेटोफोन नावाची दोन टेप-रेकॉर्डर यंत्रं सुटी करून घरी धाडली, सोबत टेपची 50 रिळं. 1947 मध्ये गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम त्यावर ध्वनिमुद्रित होऊ लागला. मुलिन सुरुवातीला कात्रीने कापायचा आणि साध्या चिकटपट्टीने जोडायचा. एका पाहुण्याचे विनोद जरा चावट निघाले. ते प्रक्षेपित करण्यासारखे नव्हते, पण प्रेक्षक पोट धरून हसले होते. ते हसू जपून ठेवलं आणि पुढे एका बेचव कार्यक्रमात चिकटवलं, असं तो सांगत असे. म्हणजे चूक काढण्याच्या हत्याराने खोटं रचण्याचं काम जवळपास पहिल्या दिवसापासूनच केलं! मला त्यात फारसं वावगं वाटत नाही.

संगीतवाल्यांनी तर मर्यादाच सोडली. 1963 मध्ये बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बीशायरने 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेची धून टेपचे तुकडे जोडून उभी केली. लागेल तेवढ्या लांबीचा एकेक स्वर, एकापुढे एक. 1966 च्या डिसेंबरात बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'साठी जॉर्ज मार्टिन आणि जेफ एमेरिक यांनी वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले दोन टेक वेग कमीजास्त करून जोडले. सांधा साधारण एका मिनिटावर आहे. हे कळल्यावर मात्र तो ऐकू येतोच, त्याला इलाज नाही.

पुढची उडी एका ड्रमवाल्याच्या जिवावर. 1969 मध्ये द विन्स्टन्स या अमेरिकी बँडच्या 'आमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमनने काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. नव्वदीच्या सुरुवातीला लंडनच्या 'जंगल' नावाच्या संगीतप्रकाराने त्याचा एकेक ठोका सुटा करून नव्याने रचला. हजारो गाण्यांत तो तुकडा आहे. कोलमन 2006 मध्ये वारला. त्याची रॉयल्टी त्याला कधीच मिळाली नाही. एवढी मोठी उधारी या धंद्यात दुसरी नसावी.

त्या पिढीची यंत्रंही कंजूष. 1987 च्या एसपी-1200 या सॅम्पलरमध्ये जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून पोरं मिनिटाला 33 फेऱ्यांच्या तबकड्या 45 वर पळवून आवाज भरून घ्यायची आणि यंत्रात त्याचा सूर खाली आणायची. जागा वाचायची, वर आवाजाला एक खरखर यायची, आणि ती त्यांना आवडायची.

1994 मध्ये स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड कंपनीने 'रिसायकल' हे सॉफ्टवेअर काढलं. स्लायडर सरकवला की ठोक्याठोक्यावर आपोआप खुणा पडतात आणि तुकडे सुटे झाल्यामुळे सूर न बदलता लय वाढवता येते. ड्रमवर, तबल्याच्या 'ना'वर ते चोख चालतं. सारंगीवर तोच स्लायडर कितीही सरकवा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या मिंडेत त्याला धड सुरुवात सापडत नाही. मग क्लिप मोठी करायची, मागेपुढे ऐकायची आणि खूण आपणच करायची.