पापुद्रा आणि भिंत : अजिंठ्याचा एक धडा

आजचा विषय पॉलिमरच्या पातळ थरांचा. पण प्रयोगशाळेत शिरण्याआधी आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याला जाऊ या.

अजिंठ्याची चित्रं थेट कातळावर काढलेली नाहीत. भिंत खडबडीत ठेवली, कारण टाकीच्या घावांत गिलावा घट्ट बसतो. गिलावा मातीचा, त्यात भाताचं तूस आणि काडीकचरा. त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. खालचा थर कसा आहे त्यावर वरचा टिकणार, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं.

1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचं मोठं काम. पण रंगांवर त्यांनी चपड्याचा हातही दिला. चपडा म्हणजे आपले सुतार पॉलिशला वापरतात तोच. लाखेच्या किड्याने बनवलेला नैसर्गिक पॉलिमर. आधी रंग उजळले. पुढे थर पिवळा-तपकिरी पडला, आकसला आणि खालचा रंगही ओढू लागला.

असं का व्हावं? बघा, खडबडीत भिंतीवर पातळ द्राव सारखा बसत नाही. खळग्यात साचतो, उंचवट्यावर विरळ होतो. वाळताना तो आकसतो, पण भिंत त्याला सरकू देत नाही. मग ताण साठतो, आणि जिथे पकड कच्ची तिथून पापुद्रा सुटतो.

हाच गुण विज्ञानाने पुढे कामाला लावला. न जुळणाऱ्या दोन पॉलिमर साखळ्या टोकाला जोडल्या, की त्या आपोआप बारीक पट्ट्यांत विभागतात. पण त्या पट्ट्या वेड्यावाकड्या असतात. 2003 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात पृष्ठभागावर आधीच अतिसूक्ष्म रासायनिक पट्टे आखले, तर वरच्या थराने तीच सरळ आखणी उचलली.

तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आवरण कधीच तटस्थ नसतं. ते खालच्याकडून आकार घेतं आणि खालच्यावर जोरही लावतं. म्हणून वारशावर ‘संरक्षक’ थर चढवण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : भिंत कशी आहे? आणि हा थर उद्या चित्राला धक्का न लावता काढता येईल का? अजिंठ्यात तो चपडा उतरवायला आपल्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या लागल्या.