बंदूक मिळेल हो, काडतुसाचं काय?

मंडळी, 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं. तेव्हापासून एक प्रश्न मला फोनवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सारखा विचारला जातोय. "पत्रकार, पोरगं नेमबाजी करायचं म्हणतंय. पहिली बंदूक कुठली घ्यावी?"

प्रश्न चांगला आहे. पण माझ्या मते तो उलटा आहे. आधी विचारायला पाहिजे, "काडतूस कुठून येणार?" या खेळाचा इतिहास चाळला तर बंदुकीची गोष्ट थोडी आणि काडतुसाची जास्त निघते. म्हणून आज जरा लांबण लावतो. वेळ काढून वाचा.

सुरुवात यंत्रापासून करू. स्वप्नीलच्या रायफलीचं काडतूस म्हणजे आपण एनसीसीत ज्याला 'पॉइंट टू-टू' म्हणायचो तेच. नळीचा व्यास .22 इंच, म्हणजे साधारण 5.6 मिलिमीटर. गोळीचं वजन अडीच ग्रॅमच्या जरा वर. हे काडतूस 'रिमफायर' जातीचं. दिवाळीतली टिकली आठवा, ठोका बसला की फाट्कन वाजते. तसंच ठोक्यानं पेटणारं मिश्रण या काडतुसाच्या बुडाच्या कडेत, आतून गोल भरलेलं असतं. चाप ओढला की घोडा ती कड चेचतो, मिश्रण पेटतं, त्यानं आतली दारू पेटते आणि गोळी सुटते.

मोठ्या रायफलीच्या काडतुसात ही टिकली बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. ती बदलून पुंगळी पुन्हा भरता येते. रिमफायरची कड एकदा चेचली की पुंगळी भंगारात. म्हणजे हा नेमबाज कायम कारखान्यावर अवलंबून. गोळी संपली की नवीनच पाहिजे. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आता तारखा बघा. गंमत आहे.

1845 च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिरानं घरातल्या घरात निशाणेबाजी करायला असलं चिमुकलं काडतूस काढलं. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं .22 चं पहिलं काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरसोबत बाजारात आणलं ते 1857 साली. आपल्याकडे 1857 म्हटलं की काडतूसच आठवतं, फक्त वेगळं. तिकडे काडतूस खेळाची वस्तू होत होतं, आणि इकडे त्याच वर्षी काडतुसावरून पेटलेल्या उठावानं इंग्रजाला हिंदी माणसाच्या हातातल्या शस्त्राची कायमची धास्ती बसवली.

त्या धास्तीचं फळ म्हणजे 1878 चा शस्त्रकायदा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र नाही, गोऱ्या साहेबाला सूट. आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना हे साल दुसऱ्या कारणासाठीही पाठ असतं. याच लिटनसाहेबानं याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. लेखणी आणि बंदूक, दोन्हींना एकाच वर्षी कुलूप. वर्तमानपत्रांचा कायदा रिपननं 1882 साली रद्द केला. बंदुकीचा मात्र स्वातंत्र्य मिळून गेलं तरी चालूच राहिला.

पुढचं साल 1887. अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं '.22 लाँग रायफल' हे काडतूस काढलं. आज ऑलिंपिकमध्ये वाजतं ते हेच, सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी त्याची मापं तीच. तिकडे शेतकऱ्याच्या पोराची पहिली रायफल म्हणजे .22, अशी रीतच पडली. धक्का कमी, आवाज कमी, गोळी स्वस्त. आणि त्याच 1887 साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी. तिथं शस्त्रकायद्याविरुद्ध ठराव झाला. तिकडचं पोरगं डब्यावर नेम धरायला शिकत होतं, इकडचे पुढारी बंदुकीला हात लावायची मुभा मागत होते. आपली सुरुवात किती मागून झाली, ते इथं कळतं.

आपल्या खेड्यात बंदुका नव्हत्या असं नाही. कोकणात, घाटमाथ्यावर रानडुकरांपासून पीक वाचवायला परवान्याची ठासणीची बंदूक असायची, अजून कुठं कुठं आहे. पण ठासणीची बंदूक म्हणजे राखणीचं हत्यार. रोज साठ गोळ्या मारायचा खेळ तिच्यातून कसा होणार?

स्वातंत्र्यानंतर या खेळाला घर मिळालं ते 1951 साली, नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा. तिचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष कोण? दादासाहेब मावळंकर, म्हणजे पुढच्याच वर्षी लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर. घराणं मूळचं आपल्या रत्नागिरीकडचं, कर्तृत्व अहमदाबादेत. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर पोरं 'मावळंकर खेळून आलो' म्हणतात, तेच हे नाव. पोरांना ते ठाऊक नसतं, सांगत जा.

लिटनचा कायदा जाऊन 1959 चा नवा शस्त्रकायदा आला, 1962 पासून लागू झाला. परवाना राहिला. त्या काळात सामान्य घरातल्या पोराला .22 हातात मिळण्याची जागा एकच, एनसीसी. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी पालथं झोपून, खांद्याला दस्ता लावून पहिली गोळी मारली ती तिथंच. मोजून गोळ्या मिळायच्या आणि पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. एक पुंगळी कमी आली तर हवालदार अख्खं मैदान विंचरायला लावायचे. पण याच एनसीसीतून मुंबईची अंजली वेदपाठक, म्हणजे नंतरची अंजली भागवत, या खेळात आली आणि एअर रायफलमध्ये जगात पहिल्या क्रमांकापर्यंत गेली.

मग ऐंशीचं दशक. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफल पहिल्यांदा आली. हवेच्या दाबावर चालणारी, दारू नाही, काडतूस नाही, .177 इंचाचा शिशाचा छर्रा. त्याच दशकाच्या मध्याला आपल्या सरकारनं सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आणायची वाट बंद केली. नावाजलेले नेमबाज आणि संघटना यांच्यापुरती खिडकी उघडी ठेवली. या दोन गोष्टींनी मिळून भारतीय नेमबाजीचा रस्ता वळवला, असं माझं मत आहे. हिशेबच बघा ना. आजवर भारताला ऑलिंपिक नेमबाजीत सात पदकं मिळाली. बिंद्रा, नारंग, मनू भाकर, आणि मनू-सरबज्योत जोडी, ही चार हवेच्या बंदुकीची. राठोडचं एक शॉटगनचं. .22 ची फक्त दोन, 2012 ला लंडनमध्ये विजय कुमारचं आणि 2024 ला आपल्या स्वप्नीलचं. आपल्याकडे गुणवान पोरं कमी होती म्हणून हा आकडा दोनवर थांबला का? मला नाही वाटत. छर्रा दुकानात मिळतो, काडतूस मिळत नाही, म्हणून.

बरं, नुसतं काडतूस मिळून भागत नाही. आपल्या सरकारी कारखान्यांनी .22 ची काडतुसं बनवली, एनसीसी त्यावर चालली. पण 50 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथं प्रत्येक गोळी सारख्याच वेगानं सुटली पाहिजे. तसल्या गोळ्या इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस अशा मोजक्या कंपन्या बनवतात. त्यातही प्रत्येक घाण्याचा माल थोडा वेगळा उतरतो. मोठे नेमबाज आपल्या नळीला कुठला घाणा मानवतो ते मारून बघतात आणि त्याच घाण्याचा साठा उचलतात. आपलं पोरगं मात्र मिळेल ती पेटी, मिळेल तेव्हा, आयातीची वाट बघत.

टंचाई फक्त आपल्याकडेच असते असं समजू नका. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार होऊन 20 लेकरं आणि 6 मोठी माणसं गेली. आता कायदा कडक होणार या भीतीनं लोकांनी दुकानं रिकामी केली, आणि पुढची दोनेक वर्षं सगळ्यात जास्त बोंब होती ती साध्या .22 च्या गोळ्यांची. दुकानदार माणशी मोजून पेट्या देत होते. स्वस्त गोळी, म्हणून प्रत्येकानं पोत्यानं साठवली. पुंगळी पुन्हा भरता येत नाही, म्हणून पर्याय नाही. घरोघर रायफल असलेल्या देशात रायफली भिंतीला टांगून राहिल्या. बंदूक असणं आणि ती चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथंही दिसलं.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. पोरगं दिवसाला 60 गोळ्या मारतं धरा, एका स्पर्धेच्या पात्रता फेरीएवढ्या. वर्षात 300 दिवस. झाल्या 18,000 गोळ्या. गोळीला समजा फक्त 20 रुपये धरले तरी 3,60,000 रुपये. एकरी चाळीस टन आणि टनाला तीन हजार धरले, तर तीन एकर उसाचं बिल झालं हे. त्यात बियाणं, खत, तोडणी काही वजा नाही. आणि ऊस दीड वर्षानं येतो, गोळ्या रोज लागतात. स्वप्नीलचे वडील शिक्षक. पोराच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याच्या बातम्या पदकानंतर आपण सगळ्यांनी वाचल्या. पदकाआधी कोणी वाचल्या होत्या?

केंद्र सरकारनं फेब्रुवारी 2020 मध्ये नेमबाजांचा काडतुसांचा वार्षिक कोटा वाढवला, ते चांगलंच झालं. पण कोटा म्हणजे विकत घ्यायची परवानगी. पैसे आणि माल ज्याचे त्यानं बघायचे.

तर मंडळी, "पहिली बंदूक कुठली?" याला माझं उत्तर असं आहे.

पहिली बंदूक विकत घेऊच नका. आधी पोराला क्लबच्या रेंजवर सहा महिने पाठवा, क्लबची रायफल वापरू द्या. जत्रेत फुगे फोडणारं प्रत्येक पोर नेमबाज होत नाही. सहा महिन्यांनी पोरगं टिकलं तर एअर रायफल. 2016 च्या नियमांप्रमाणे .177 इंचापर्यंतच्या आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, ओळखीचे कागद द्यावे लागतात. स्पर्धेची चांगली रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, म्हणून दस्ता पोराच्या हाताला, खांद्याला बसतो का ते प्रशिक्षकाकडून बघून घ्या. ब्रँड नंतर. .22 ची वेळ त्यानंतर. कायद्यानं 21 वर्षांच्या आत स्वतःच्या नावावर बंदूक घेता येत नाही, लहान वयात क्लबमार्फत सराव करता येतो. आणि .22 कडे वळण्याआधी क्लबला तीन प्रश्न लेखी विचारा. काडतुसं कुठून येतात? वर्षाला माझ्या पोराच्या वाट्याला किती? मध्येच संपली तर काय? उत्तर नसेल तर एअर रायफलवरच थांबा, त्यात कमीपणा नाही. बिंद्रा तिथंच थांबला आणि सुवर्ण घेऊन आला.

आणि हो, घरात बंदूक आली म्हणून रील बनवायची हौस असेल तर हा खेळ तुमचा नाही.

राहता राहिला आपला सगळ्यांचा भाग. कोल्हापूर जिल्ह्यानं 2010 ची जगज्जेती तेजस्विनी सावंत दिली, एशियाडचं सुवर्ण आणणारी राही सरनोबत दिली, स्वप्नील दिला. तिघंही .22 वर चमकले. पदक आलं की चौकाचौकात फ्लेक्स लागतात, फोटोत पुढारी मोठा आणि खेळाडू छोटा. त्या फ्लेक्सच्या खर्चात काडतुसांच्या किती पेट्या आल्या असत्या, याचा हिशेब कोणी तरी मांडावा.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या नियोजन समितीनं क्रीडा विभागाच्या निधीतून काडतुसांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम बाजूला ठेवावी. संघटनेमार्फत माल आणावा आणि राज्य पातळीवर पात्र ठरलेल्या पोरांना मोजून द्यावा. नोंदवही ठेवा, पुंगळ्या मोजून परत घ्या, अगदी एनसीसीसारखं. चोरीची भीती नको, बापावर कर्ज नको.

पुढच्या वेळी पुढारी सत्काराला येतील तेव्हा हार घालायला जरूर जा. फक्त हातात हार असतानाच विचारा, "साहेब, काडतुसाचं काय झालं?" काय उत्तर मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा. मी बातमी करतो.