काशीचे ऊन आणि मराठ्यांचे घाट

घरातली थंडी उन्हाने घालवायची म्हटली की हल्ली दक्षिणेकडे तोंड करून काचेची खोली बांधायचा सल्ला मिळतो. दिवसा काचेतून ऊन आत येते, भिंती आणि फरशी तापतात आणि संध्याकाळनंतर ती ऊब मागच्या खोल्यांना पुरते. लडाखात ही युक्ती चांगली चालते. लेहजवळच्या फे गावातला सेकमोल संस्थेचा परिसर कडाक्याच्या हिवाळ्यातही मुख्यतः उन्हावर उबदार राहतो. वाराणसीतही जानेवारीच्या रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो, शीतलहरीत त्याच्याही खाली जातो. म्हणून तिथेही काच लावावी, असे कुणाला वाटेल. माझे मत वेगळे आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मराठ्यांनी ज्या काशीत पैसा ओतला, त्या काशीची रीत माणसाने उन्हाच्या जागी जाऊन बसायची होती, आणि तिथल्या हवेला तीच मानवते.

आधी भूगोल पाहू. गंगा इथे उत्तरेकडे वळते. शहर पश्चिमेच्या उंच काठावर वसले आहे, समोरच्या काठावर नुसती वाळू आहे. त्यामुळे घाटांची अख्खी रांग पूर्वेकडे तोंड करून आहे आणि सूर्य नदीपलीकडून वर आला की मध्ये काहीही आडवे येत नाही. हिवाळ्यातला बोचरा वारा, तिथले लोक ज्याला पछुआ म्हणतात, तो येतो पश्चिमेकडून. तो उंच काठ आणि त्यावरच्या इमारती यांच्या पाठीवर अडतो. म्हणजे पाठीला भिंत आणि तोंडावर ऊन. अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले, अमृतराव पेशवे आणि १८३० मध्ये बायजाबाई शिंदे यांनी इथे दगडी घाट बांधले. चुनारचा वालुकाश्म सकाळच्या उन्हात तापतो आणि ती ऊब काही काळ धरून ठेवतो. माघस्नान करून कुडकुडत वर आलेल्या माणसाला ती पायरी म्हणजे शेगडीच.

यावर कुणी म्हणेल की घाट पुण्यासाठी बांधले. सूर्याला अर्घ्य द्यायचे म्हणून ते पूर्वाभिमुख, त्यात ऊर्जेचा विचार कुठला? हेतू धर्माचा होता, हे मान्यच. पण इमारतीचा इतिहास बांधणाऱ्याच्या हेतूवर संपत नाही. ती वापरली कशी जाते, हाही इतिहासच. शिवाय भोसले घाटावरचा वाडा नीट पाहावा. खालची भिंत उंच, जाड आणि जवळपास कोरी. खिडक्या वरच्या भागात, त्याही लहान. पुराचे पाणी हे त्याचे मोठे कारण आहे. पण त्याच भिंतीमुळे मे महिन्याचे सकाळचे ऊनही बाहेरच अडते. तिथे नदीचा देखावा दिसावा म्हणून मोठी काच बसवली असती, तर हिवाळ्यातले दोन महिने सुखाचे गेले असते आणि उन्हाळ्याचे तीन-चार महिने, जेव्हा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, ती खोली भट्टी झाली असती.

दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या मराठी वस्तीच्या भागांतल्या गल्ल्यांकडे वळले की मुद्दा आणखी पक्का होतो. तिथली जुनी घरे उंच, चिकटून बांधलेली आणि मध्ये अरुंद चौक ठेवलेली. वाराणसीत २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर असतो. दहा मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ साडेअकरा मीटर लांब पडते. इतका रुंद चौक गल्लीतल्या घराला परवडणारा नव्हता. म्हणून हिवाळ्यात खालच्या फरशीला ऊन लागतच नाही. ऊन असते ते वरच्या मजल्यावर आणि गच्चीत. तेव्हा थंडीत दिवसाचे घर वर सरकायचे: धान्य निवडणे, तेल लावणे, वाळवणे, म्हाताऱ्यांचे बसणे, मुलांची घोकंपट्टी. गच्चीला जाळीदार कठडा, त्यामुळे आडोसा राहतो आणि ऊनही येते. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, ८८ अंशांवर येतो आणि चौकात थोडाच वेळ डोकावतो. तेव्हा हेच कुटुंब खालच्या थंड खोल्यांत किंवा तळघरात उतरायचे. घर तेच ठेवून ऋतूप्रमाणे बिऱ्हाड आतल्या आत हलवायचे, ही खरी बचत.

खरा कठीण आक्षेप धुक्याचा आणि रात्रीचा. पौषात कित्येक दिवस दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, आणि गच्ची रात्री कुणालाच ऊब देत नाही. तिथे जुन्या काशीकडेही बोरसी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, आणि रजई यांपलीकडे उत्तर नव्हते, आणि बंद खोलीत बोरसी ठेवून झोपण्यात जिवाचा धोका आहे. पण दाट धुक्यात काचेच्या खोलीलाही फारसे काही मिळत नाही. लडाखची कोरडी, निरभ्र हवा गंगेच्या मैदानात आणायची कुठून? धुक्याच्या दिवसांसाठी हीटर लागेल तर लागू द्या. उरलेल्या दिवसांची गरज मात्र गच्ची फुकटात भागवते.

आज धोका गच्चीलाच आहे. शेजारी चार मजले चढले की घरावरचे हिवाळ्यातले ऊन कायमचे जाते, आणि उरलेल्या गच्चीवर माकडांच्या भीतीने लोखंडी पिंजरा आणि त्यावर पत्रा येतो. पिंजरा चालेल, त्यातून ऊन येते, पत्रा नको. जुन्या वस्तीत नवा मजला मंजूर करताना उत्तरेच्या शेजाऱ्याच्या गच्चीवर डिसेंबरात सावली कुठवर पडेल, हे नकाशावर आखून दाखवायला लावावे. एवढ्या हिशेबाला शाळेतले त्रिकोणमितीचे ज्ञान पुरते.