बिब्ब्याची खूण आणि काळ्या रेघा

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची गोष्ट. लालबागला आमच्या धाकट्या काकांचे किराणा मालाचे दुकान आहे. आता ते माझा चुलतभाऊ चालवतो. दुकान रस्त्यावर, आणि गोदाम मागच्या गल्लीत, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर. त्या गोदामाची किल्ली गेली कित्येक वर्षे माझ्या वडिलांच्या कमरेला आहे. घरातले सगळेच त्यांना अण्णा म्हणतात.

एका रविवारी चुलतभाऊ घरी आला आणि म्हणाला, "दादा, हातात धरायची बारकोडची बंदूक घ्यायची आहे. बिनतारी. दुकानालाही चालली पाहिजे आणि गोदामालाही. प्रकार इतके आहेत की डोके फिरते. तू पुस्तके लिहितोस. जरा वाचून सांग कुठली घ्यायची."

कादंबऱ्या लिहिणाऱ्याला जगातली सर्व यंत्रे कळतात, अशी काही भल्या माणसांची समजूत असते. माझे शिक्षण दहावीपुरते, आणि धंदा लहान मुलांना पाढे शिकवण्याचा. मी हसून वेळ मारून नेणार होतो, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले अण्णा म्हणाले, "घ्या बापडे. रेघाच हिशेब ठेवणार असतील, तर किल्लीही रेघांकडेच द्या."

त्या बोलण्यामागे बराच इतिहास होता. अण्णा १९६९ साली परळच्या एका गिरणीत, फोल्डिंग खात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. हजारो माणसांप्रमाणे अण्णांनाही परत कामावर घेतले नाही, आणि काकांनी त्यांना गोदामावर बसवले. एकदा ज्याचे काम हातातून गेले, त्याला दुसऱ्यांदा ते जाण्याची चाहूल फार लवकर लागते. म्हणून बंदूक निवडण्याआधी मी या रेघांचे कूळ शोधायला बसलो. जे सापडले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

मालावर खूण करण्याची विद्या काही अमेरिकेतून आलेली नाही. आपल्या आज्यांना बिब्बा चांगला ठाऊक होता. त्याचा औषधी उपयोग होताच. पण परटाच्या घरी तो शाई म्हणून वापरला जाई. बिब्ब्याचे तेल कपड्याच्या कोपऱ्याला लावले की काळा डाग पडतो आणि कितीही धुतले तरी जात नाही. इंग्रजांनी त्या फळाचे नावच 'खुणेचे फळ' असे ठेवले. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर शेकडो घरांचे कपडे एकत्र धुतले जात आणि संध्याकाळी ज्याचे त्याच्या घरी पोचत. परटाला लिहिता-वाचता येत नसले तरी अडत नसे. दोन ठिपके, एक फुली, एक आडवी रेघ, एवढ्यावर त्याचे काम भागे. मात्र अमुक खूण गिरगावातल्या कुठल्या बिऱ्हाडाची, हे परटाच्या डोक्यात असे. खूण कपड्यावर आणि अर्थ माणसात, ही या कथेची पहिली पायरी.

पुढे १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापडगिरणी काढली आणि बघता बघता परळ-लालबागवर धुराडी उभी राहिली. कापडाचा तागा मुंबईहून निघून वऱ्हाडात आणि खानदेशात जाई. घेणारा बहुधा निरक्षर. त्याला माल ओळखू यावा कसा? मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी ताग्यांवर रंगीत चित्रांची तिकिटे लावली, आणि आपल्याकडेही ती चाल पडली. लोक हत्तीचे धोतर किंवा देवीच्या चित्राचे लुगडे मागू लागले. पण चित्र पाहून ओळख पटते, माप कळत नाही. तागा किती वार भरेल, हा संशय उरलाच. तेव्हा १८८९च्या व्यापारी खुणांच्या कायद्याने इथल्या गिरण्यांवर बंधन घातले की ताग्याची लांबी ताग्यावरच ठळक अंकांत छापली पाहिजे. अण्णांच्या खात्यात हेच काम चाले. ते लागले तेव्हा वार जाऊन मीटर आले होते, एवढाच फरक. कापड मोजायचे, घडी घालायची, शिक्का मारायचा. "शिक्का सगळेच मारतात," अण्णा सांगत, "पण आधी मोजून मग मारला तर तो शिक्का, न मोजता मारला तर नुसती शाई." ही दुसरी पायरी: मालावर अंक आला, आणि त्या अंकाला जबाबदार असा माणूस आला.

तिसरी पायरी आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोचवण्याचा धंदा उभा केला. मावळ, खेड, जुन्नर भागातली माणसे त्यात आली. प्रारंभी डब्यांना रंगीत दोरे बांधून खूण केली जाई; मग झाकणावर रंगाने अक्षरे आणि आकडे आले. डबा कुठल्या स्टेशनावरून निघाला, कुठल्या भागात उतरायचा, तिथे कोणी उचलायचा, कुठली इमारत आणि कुठला मजला, हे सर्व तळहाताएवढ्या झाकणावर. दादरला डबा चढवणारा आणि फोर्टात तो पोचवणारा ही माणसे वेगळी. मधल्या कुणालाही जेवणाऱ्याचे नाव ठाऊक नसते, आणि त्याची गरजही नसते. परटाच्या खुणेचा अर्थ एकट्या परटाला कळे. डब्याच्या खुणेचा अर्थ सगळ्या जमातीला कळतो. एका डोक्यातली आठवण सगळ्यांची भाषा झाली. काळ्या रेघांना अजून अवकाश होता. पण त्यांची कल्पना मुंबईच्या लोकलमध्ये रोज डोक्यावरून जात होती.

आता त्या रेघांकडे येऊ. १९४८ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या तरुणाच्या कानावर एक बोलणे पडले. किराणा दुकानांच्या एका मोठ्या साखळीचा प्रमुख कॉलेजच्या डीनना विनवीत होता की, गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप टिपणारी काही युक्ती शोधून द्या. सिल्व्हरने हे आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड याला सांगितले. वुडलंड लहानपणी स्काउटमध्ये तारेची मोर्स लिपी शिकला होता. पुढे मायामीच्या किनाऱ्यावर बसला असता त्याने वाळूत मोर्सचे ठिपके आणि रेघा काढल्या, आणि सहज बोटांनी त्या आपल्याकडे ओढल्या. ठिपक्याची बारीक रेघ झाली, रेघेची जाड रेघ. झाला बारकोड! ७ ऑक्टोबर १९५२ रोजी दोघांना पेटंट मिळाले.

पण वाचणारा डोळा कुठे होता? १९६० साली लेझरचा उजेड सापडला, गणकयंत्रे लहान झाली, आणि आयबीएम कंपनीत जॉर्ज लॉरर यांनी रेघांचा नवा आराखडा सिद्ध केला. तो १९७३ साली सर्वांनी मान्य केला. २६ जून १९७४ला, म्हणजे आपल्याकडे रेल्वेचा मोठा संप होऊन महिनाच झाला होता तेव्हा, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श नावाच्या दुकानात च्युइंगमच्या दहा पाकिटांचा एक पुडा प्रथमच या डोळ्यापुढून गेला. किंमत ६७ सेंट. आपल्या देशातल्या कंपन्यांना मिळणारे क्रमांक ८९०ने सुरू होतात. त्यावरून माल इथे तयार झाला असे मात्र समजू नये. क्रमांक इथून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी अण्णांपुढे पाटी घेऊन बसलो. रेघांखाली तेरा आकडे असतात. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे लिहिले. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम जागांची बेरीज २८. सम जागांची बेरीज ३४. तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. आता पुढचा दहाचा पाढा गाठायला जे कमी पडेल तो तेरावा आकडा. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून शून्य. मग मी २ आणि ३ यांची अदलाबदल केली. बेरीज १२८ आली. आता तेरावा आकडा २ हवा, पण मालावर तर शून्य आहे. यंत्र बारा आकडे वाचते, मनात हे गणित करते, आणि जुळले नाही तर गप्प राहते.

अण्णा बराच वेळ पाटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अरे, हा तर ताळा."

ताळाच तो! गणित सुटल्यावर ताळा पाहा, असे आपण मुलांना सांगत आलो. त्या दिवसापासून अण्णांचे रेघांशी भांडण निम्मे मिटले.

उरलेले निम्मे गोदामाने मिटवले. चुलतभावाने घाईने एक स्वस्त बंदूक आधीच आणली होती. कुठून, ते सांगण्यात अर्थ नाही. तिचा उजेड लेझरचा. साध्या रेघा वाचत असे, पण चौकोनी क्यूआर खूण, जी जपानमध्ये १९९४ साली निघाली, ती तिला वाचता येईना. दुकानात गणकयंत्राजवळ ती झकास चालली. गोदामात मात्र जाड भिंती आड आल्या. बंदूक 'टीं' करी, आणि नोंद दुकानात पोचतच नसे. संध्याकाळी अण्णांच्या वहीत साबणाचे सात खोके जास्त निघाले. चुलतभाऊ म्हणाला, वही चुकली. खोके मोजले, वही बरोबर होती. बंदूक वाजली म्हणजे नोंद झाली असे नव्हे. न मोजता मारलेला शिक्काच तो!

मग आम्ही तिघांनी मिळून निवड केली. जाहिरातीत लिहिलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते, म्हणून ते वाचायचे नाही. बंदूक गोदामाच्या शेवटच्या फळीपाशी नेऊन पाहायची. संपर्क तुटला तर नोंदी पोटात साठवून ठेवणारी आणि जवळ येताच सोडणारी घ्यायची. रेघा आणि चौकोन दोन्ही वाचणारी, मोबाइलच्या काचेवरचेही वाचणारी घ्यायची. हातून पडली तर टिकणारी, आत धूळ न जाणारी. कारण लालबागच्या गोदामात मिरची-हळदीची धूळ ठरलेली. आणि शेवटची अट चुलतभावाने स्वतः घातली: वजनाला हलकी, आणि वाचल्यावर हातात थरथरणारी हवी, कारण अण्णांना बारीक आवाज ऐकू येत नाही. ही अट ऐकून अण्णा काही बोलले नाहीत. उठून चहा टाकायला गेले.

आता बंदूक अण्णांच्याच हातात असते. तिच्या चुका ते पकडतात. एकाच रेघांचे दोन पुडे येतात, एकावर जुनी किंमत आणि दुसऱ्यावर नवी. बंदुकीला दोन्ही सारखेच, अण्णांना नाहीत. सुट्या रव्या-पोह्यांच्या पिशव्यांवर आम्ही घरचीच चिठ्ठी छापतो. दिवाळीच्या फराळासाठी चुलतभावाला त्या रेघा कुंकवाच्या रंगात हव्या होत्या. छापल्या, आणि बंदूक आंधळी झाली. तिचा उजेड तांबडा. त्या उजेडात तांबडी रेघ आणि पांढरा कागद एकच. अण्णा म्हणाले, "काठ तांबडा कर. रेघ काळीच राहू दे."

गेल्या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वही होती, गोदामाची किल्ली होती आणि शेजारी बंदूक. अण्णांनी तिन्हींना हळदकुंकू वाहिले. बंदुकीच्या काचेला मात्र बोट लागू दिले नाही. पूजा झाल्यावर किल्ली उचलून त्यांनी पुन्हा कमरेला लावली.