हरलेल्याचा डाव

एप्रिल २०२५ मध्ये आमच्या मांजरीशेजारच्या हडपसरला महिलांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा भरली आणि कोनेरू हंपीने ती जिंकली. तेव्हापासून शाळेतली पोरे मधल्या सुट्टीत ‘ग्रुनफेल्ड बचाव’ वगैरे नावे मोठ्या ऐटीत घेतात. घेवोत बापडी! पण ग्रुनफेल्डसाहेबांच्या सदुसष्ट वर्षे आधी हाच बचाव एका हिंदी माणसाने खेळला होता, हे त्यांना कोण सांगणार?

आपल्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. विलायती खेळात त्याला दोन घरांची मुभा. त्यामुळे देशी खेळाडूची मांडणी सावकाश. घोड्यापुढचे प्यादे घरभर सरकवायचे आणि त्या खिडकीत उंट बसवायचा. विलायती रीत आपल्याकडे हळूहळू रुजत होती. तिला धरून लिहिलेले तिरुवेंगडाचार्य शास्त्र्यांचे पुस्तक १८१४ सालीच मुंबईत छापले गेले होते.

कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉच बॅरिस्टर होता, पट्टीचा खेळाडू. त्याच्याशी शेकडो डाव खेळला तो बंगालच्या खेड्यातून आलेला महेशचंद्र बॅनर्जी. मे १८५५ मधला त्यांचा एक डाव वाचकांनी फराळानंतर पटावर मांडून पाहावा. कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे रेटले. महेशचंद्राने राजाकडचा घोडा काढला. गोऱ्याने वजिराच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे दामटले. इकडे घोड्यापुढचे प्यादे जेमतेम एक घर. देशी सवय! पण गोऱ्याचा वजिराकडचा घोडा निघताच तिसऱ्या चालीला महेशचंद्राने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून थेट मध्यावर आव्हान दिले. विलायती मुभा त्याने अशी देशी मांडणीला जोडली.

डाव मात्र तो हरला. अठराव्या चालीला कॉक्रेनच्या घोड्याने राजाजवळचे प्यादे टिपले. महेशचंद्राने घोडा कडेला नेऊन वजिरावर रोखला, आणि तिथेच घात झाला. घोड्याचा दुहेरी शह, मग वजिराचे बलिदान, शेवटी स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याची मात. सारे तीन चालींत.

१९२२ साली व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्डने याच बचावाने आलेखाईनला हरवले. बारसे झाले ते त्याच्या नावाने. महेशचंद्राच्या वाट्याला या जातीच्या बचावांचे ‘इंडियन’ हे मोघम नाव तेवढे आले.

२०१० साली सोफियात जगज्जेतेपद राखताना आनंदने तोपालोवविरुद्ध पहिल्याच डावात हा बचाव घेतला. तो डावही काळा हरला. सामना आनंदने जिंकला.