धुराची वर्दी

स्मरणिकेसाठी विषयांना तोटा नाही. सोसायटीची पहिली सभा, पाण्याच्या टाकीचा वाद, गणपतीतली नाटकं. ते सगळं लिहिणारी मंडळी आपल्याकडे आहेत. मी थोडा बाहेरचा इतिहास सांगणार आहे, पण तो येऊन पोचतो आपल्याच जिन्यात. प्रत्येक मजल्यावर छताला आमटीच्या वाटीएवढी पांढरी डबी लावली आहे ना, तिचा. तिच्यातला लाल ठिपका लुकलुकतो म्हणून मुलं तिला कॅमेरा समजतात. काही मोठी माणसंसुद्धा! तो स्मोक डिटेक्टर आहे.

आग लागली की आधी धूर येतो, हे चुलीपुढे बसलेल्या आपल्या आज्यांना कुणी शिकवायला नको होतं. प्रश्न तो धूर बघायला कोण जागं असणार हा. आणि बघितला तरी सांगणार कोण? १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात कापसाचे गठ्ठे आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. कापूस आतल्या आत धुमसत होता. दुपारी शेजारच्या जहाजांवरच्या लोकांनी धूर पाहिला होता, पण लगेच वर्दी दिली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. जुन्या मुंबईकरांच्या घरात त्या संध्याकाळच्या गोष्टी अजून निघतात. मला त्यात सगळ्यात जास्त खुपतो तो वाया गेलेला दुपारचा वेळ.

माणसाऐवजी यंत्राने राखण करावी ही कल्पना त्याहून जुनी. एडिसनचा सहकारी फ्रान्सिस अप्टन याने एका जोडीदाराबरोबर १८९० मध्ये अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या आगीच्या घंटेचं पेटंट घेतलं. पुढे १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बीने आणखी एक युक्ती काढली. त्याच्या यंत्रात लोण्याचा गोळा होता असं सांगतात. खोली तापली की लोणी वितळायचं, दोन पत्रे एकमेकांना टेकायचे आणि घंटा वाजायची. आपल्याकडच्या मे महिन्यात ती रोज दुपारी वाजली असती! गंमत सोडा, या सगळ्या यंत्रांची अडचण एकच होती. ती उष्णतेची वाट बघायची. झोपलेल्या माणसाचा जीव आगीच्या आधी धुरानेच जातो, आणि धूर काही उष्णतेसाठी थांबत नाही.

धूर ओळखणारं यंत्र सापडलं ते चुकून. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमधले वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं उपकरण बनवत होते. वायू सोडला, काटा ढिम्म हलला नाही. वैतागून त्यांनी सिगारेट शिलगावली, आणि काटा हलला. त्यांचे सहकारी अर्न्स्ट मायली यांनी त्यावर पुढे काम करून कारखान्यात वापरता येईल असं यंत्र तयार केलं. १९४१ मध्ये कंपनी निघाली, तिचं नाव सर्बेरस, म्हणजे ग्रीक पुराणातला पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा. राखणदाराला साजेसं नाव.

ही यंत्रं महाग होती, शिवाय वायरिंग लागायचं. घराघरांत ती नेली अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या ड्युएन पिअर्सल यांनी. तेही वेगळंच उपकरण बनवत होते आणि तिथेही सिगारेटच्या धुराने काटा हलवला. (सिगारेटच्या नावावर जमा करावं असं एवढंच.) १९६५ च्या सुमारास त्यांनी स्टॅन्ली पीटरसन यांच्यासह बॅटरीवर चालणारा, कुणालाही छताला लावता येईल असा डिटेक्टर तयार केला. दहा वर्षांत तो कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. आज तिथल्या बहुतेक घरांत तो आहे.

आणि इथूनच खरी कटकट सुरू झाली. टोस्ट करपला की डबी कोकलते. बॅटरी उतरली की रात्री दोन वाजता टिक टिक करते. लोकांनी काय केलं? स्टुलावर चढून बॅटरी काढली. आग लागलेल्या ज्या घरांत डबी असून वाजली नाही, तिथे सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं कारण बॅटरी काढलेली किंवा संपलेली हेच. आपल्या सभेत ‘धूप घातला तर वाजेल का, फोडणी दिली तर वाजेल का’ असे प्रश्न आले तेव्हा काहीजण हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पन्नास वर्षं जगभर हाच प्रश्न आहे.

त्याचं उत्तर डबीच्या पोटात आहे. जुन्या प्रकारात अमेरिसियम नावाच्या किरणोत्सारी पदार्थाचा कण असतो. आपल्या डब्या त्या जातीच्या नाहीत, काळजी नसावी. आपल्या प्रकाशावर चालतात. वाड्यात कौलातून कवडसा पडला की त्यात धुळीचे कण चमकताना दिसायचे, तसंच. आत काळी कोठी, तिच्यात बारीक दिवा आणि दिव्याच्या वाटेपासून बाजूला ठेवलेला ‘डोळा’. एरवी डोळ्याला उजेड दिसत नाही. धूर शिरला की कणांवरून उजेड विखुरतो, डोळ्यापर्यंत जातो आणि गजर होतो. धुमसणारी गादी किंवा तापलेली वायर अशा दाट धुराला हा प्रकार लवकर ओळखतो. मात्र वाफ आणि धूळ यांनाही तो फसतो, म्हणून स्वयंपाकघरात धुराचा नाही, उष्णतेचा डिटेक्टर लावायचा.

मग वायरलेस कशाला? १४ जून २०१७ च्या मध्यरात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावरच्या फ्रिजपाशी आग लागली. त्या घरातला डिटेक्टर वाजला, रहिवासी जागा झाला आणि त्याने अग्निशमन दलाला फोन केला. डबीने तिचं काम केलं. पण ती त्या घरापुरतीच होती. २४ मजली इमारतीत सगळ्यांना उठवणारा सामाईक गजर नव्हता, आणि ‘घरातच थांबा’ असं धोरण होतं. ७२ माणसं गेली. दोष मुख्यतः बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या ज्वलनशील आवरणाचा, हे खरं. पण त्यानंतर स्कॉटलंडने कायदा केला की फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरातले डिटेक्टर एकमेकांना जोडलेले हवेत, एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. जोडणी वायरने करा नाहीतर रेडिओ लहरींनी. राहत्या, जुन्या घरात लहरींचाच मार्ग सोयीचा.

आपलंही तेच झालं. पंचवीस वर्षांची इमारत, नुकताच रंग दिलेला जिना आणि भिंतीला खाचा मारायला कोणाचीच तयारी नाही. डबी बसवणं सोपं आहे. पॅनेलला तिचा नंबर ओळखीचा करून द्यायचा, छताच्या मध्यभागी शक्यतो, पंखा आणि कोपरा टाळून स्क्रू मारायचे. हवा कोपऱ्यात कोंडते, तिथे धूर उशिरा पोचतो. वर प्रत्येक डबी ठरावीक वेळाने पॅनेलला ‘मी आहे’ असा निरोप पाठवत राहते. तो थांबला की पॅनेल तक्रार करतं.

काम घेतलेल्या माणसाने प्रत्येक विंगेत दोन-दोन डब्या वाजवून दाखवल्या आणि सहीसाठी कागद पुढे केला. आपल्या सेक्रेटरींनी सही केली नाही, सगळ्या वाजवा म्हणाले. नुसतं बटण दाबून नाही, कारण बटणाने भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, धूर आत शिरतो का ते कळत नाही. चाचणीच्या धुराचा डबा मागवला. रविवारची सकाळ गेली, दोन मजल्यांवरच्या आजोबांनी कानात बोळे घातले. एकूण एक डबी वाजली, फक्त ‘बी’ विंगची मीटर रूम गप्प. डबी चांगली होती, पण लोखंडी दार आणि लिफ्टच्या शाफ्टची आरसीसी भिंत यांच्यापलीकडे तिचा निरोप पॅनेलपर्यंत जात नव्हता. दार उघडं ठेवून पाहिलं तर जायचा. एरवी ते दार बंदच असतं, आणि इमारतीतली सगळी वीज त्याच खोलीतून वर चढते. पॅसेजमध्ये रिपीटर लावला, दार लावून पुन्हा धूर सोडला, तेव्हा दोन्ही विंगांत हूटर झाला. मग सही झाली.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्या दोन्ही वेळी सगळ्या डब्या धुराने वाजवायच्या असं समितीने ठरवलं आहे, मीटर रूमचं दार बंद ठेवून. आदल्या दिवशी फळ्यावर सूचना लागेल. रंगकामाच्या वेळी डबीवर घातलेली प्लास्टिकची टोपी काढली ना, हे तेव्हा आपापल्या मजल्यावर बघून घ्यावं. डबीच्या पाठीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. दहा वर्षांनी ती बदलायची आहे.